साठ मुलं, चाळीस मिनिटं : सीमाभागातल्या नव्या इंग्रजी शिक्षकांसाठी

पहिल्या दिवशी हजेरीपट हातात आला की आधी एक हिशोब करा. वर्गात ६० मुलं, तास ४० मिनिटांचा. हजेरी, फळा पुसणं, "बाई, वही विसरली" यात दहा मिनिटं जातातच. उरली ३० मिनिटं. तुम्ही एकेका मुलाला उभं करून बोलायला लावलंत आणि स्वतः अक्षरही बोलला नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३० सेकंद येतात. आता तीच मुलं शेजारच्याबरोबर जोडीने फक्त दहा मिनिटं बोलली, तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. म्हणजे दहापट. आणि अजून वीस मिनिटं तुमच्या हातात शिल्लक आहेत.

बावीस वर्षं मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी शिकवते आहे. या हिशोबापाशी यायला मला पहिली तीन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे शिकवणाऱ्यांना यातलं बरंचसं लगेच ओळखीचं वाटेल. भालकी-औरादकडच्या किंवा हल्याळ-जोयड्याच्या मराठी वर्गांतही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिला आठवडा : पुस्तक उघडू नका

कर्नाटकात २००७ पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. त्यामुळे पाचवीतल्या मुलाची कागदावर इंग्रजीची चार वर्षं झालेली असतात. वर्गात मात्र एक मुलगी अशी असते, जी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत दोन वर्षं काढून फी झेपेना म्हणून परत आलेली. एकाचे वडील फौजेत, त्यामुळे तो तीन राज्यांतल्या शाळा बघून आलेला. दोघं-तिघं कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आईबापांबरोबर फडावर जाणारी. आणि दहा-बारा अशी, जी 'बी' आणि 'डी' अजून उलटसुलट काढतात. पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान यातल्या कुणासाठी लिहिलंय हे कळल्याशिवाय ते उघडून उपयोग नाही.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. वर छोट्या लिपीतली सव्वीस अक्षरं क्रम मोडून लिहा. खाली दहा तीन-अक्षरी शब्द लिहा, पेन, कप, बॅग, सन असे. त्याखाली चार ओळींचा साधा उतारा. एकेका मुलाला टेबलाशी बोलवा आणि वाचायला लावा. एका मुलाला दीड-दोन मिनिटं पुरतात. रोज बारा मुलं झाली तर पाच दिवसांत साठ होतात. बाकीच्यांना तोवर काम द्या : स्वतःच्या नावाची पाटी बनवणं, घरातल्या दहा वस्तूंची चित्रं काढणं, त्यातल्या ज्यांचं इंग्रजी नाव माहीत आहे त्यांवर खूण करणं. हे चित्रांचे कागद जपून ठेवा, पुढे लागतात.

तुमच्या वहीत चारच खुणा करा. अक्षरं ओळखत नाही. अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही. शब्द येतात पण ओळ वाचताना अर्थ निसटतो. वाचून समजतं. एवढंच. मुलांना या खुणा सांगायच्या नाहीत आणि वर्गाच्या भिंतीवर लावायच्या तर मुळीच नाहीत.

याच्या शेजारी एक वेगळा रकाना ठेवा, ऐकण्या-बोलण्याचा. "व्हेअर डू यू लिव्ह?", "हाऊ मेनी ब्रदर्स?" असं दोन-तीन वाक्यांत विचारा. हा रकाना मी खूप उशिरा सुरू केला. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वाचनात सगळ्यात खाली. मी त्याला मागच्या रांगेत बसवलं होतं, कारण त्या वर्षी मी वर्गाच्या हुशारीप्रमाणे तीन रांगा केल्या होत्या. एकदा बाजाराच्या दिवशी तो वडिलांबरोबर रताळ्यांच्या पोत्यांपाशी उभा दिसला. एका व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी हिंदीत भाव करत होता, आणि गोव्याहून आलेल्या गिऱ्हाईकाला "फोर्टी, फिक्स रेट" असं सांगत होता. वर्गात त्याने तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. त्या रांगा मी दुसऱ्या दिवशी मोडल्या. मुलांना आपली रांग कोणती ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि मग ती तिथेच बसून राहतात.

जोड्या कशा लावायच्या

सगळ्यात हुशार मुलाशेजारी सगळ्यात कच्चं मूल बसवायचं, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. त्या जोडीत एक कंटाळतो आणि दुसरा दबतो. मी असं करते : चार खुणांच्या आधारे साठ जणांची यादी वरून खाली लावते, मधोमध कापते आणि पहिल्याला एकतिसावा, दुसऱ्याला बत्तिसावा, असं जोडत तिसाव्याला साठावा देते. म्हणजे प्रत्येक जोडीत अंतर आहे, पण ते सगळीकडे सारखंच आहे. तळाच्या मुलाला मधला जोडीदार मिळतो. त्यालाही थोडंच येत असतं, म्हणून तो धीराने सांगतो.

महिन्याने जोड्या बदला. सातवीच्या पुढे मुलगा-मुलगी जोडीला मुलं संकोचतात. तिथे हट्ट धरू नका, यादीत एक घर वर-खाली सरका. दर सोमवारी बाकांच्या रांगा एकेक पुढे सरकवा, मागचा बाक कायमचा कुणाचाच नको.

जोडीकामाची सवय लावायलाच दोन आठवडे लागतात, आणि ते द्यावेच लागतात. नवखेपणी मी थेट दहा-दहांचे सहा गट केले होते. प्रत्येक गटात दोघं बोलत होती आणि आठ जण त्यांच्याकडे बघत होती. गोंगाट एवढा झाला की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले. चूक गटाच्या आकाराची होती आणि थांबण्याची खूण ठरलेली नव्हती त्याचीही. म्हणून आधी पाच शब्द पक्के करा : लुक, लिसन, स्पीक, राइट, स्टॉप. 'स्टॉप'साठी आवाज चढवायचा नाही. हात वर धरायचा आणि थांबायचं. जो बघेल तो हात वर करेल आणि गप्प होईल. पहिल्या दिवशी मिनिट लागतं, दहाव्या दिवशी दहा सेकंद. सुरुवातीला जोडीला अर्ध्या मिनिटाचंच काम द्या : एकाने विचारायचं "व्हॉट इज धिस?", दुसऱ्याने दप्तरातली वस्तू बघून सांगायचं. मग थांबवा. मग अदलाबदल.

मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की रोज दहा मिनिटं तुमच्या वर्गातून आवाज येणार आहे. एकदा त्यांना त्या दहा मिनिटांत बोलावून बाकांमधून फिरवा. दारातून ऐकला की तो गोंगाट वाटतो, बाकाशेजारी उभं राहिलं की त्यातली वाक्यं कानावर पडतात.

एका तासाचा सांगाडा

१९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला, तो बेंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यामागचा विचार असा होता की मुलाचं डोकं एखादा प्रश्न सोडवण्यात गुंतलं, की भाषा त्याच्या मागोमाग येते. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टी घेऊन शिक्षक आधी एक काम सगळ्या वर्गाबरोबर तोंडी सोडवायचे, मग तसंच दुसरं काम प्रत्येक मूल स्वतः करायचं. भरगच्च वर्गासाठी याहून सोपा सांगाडा मला सापडलेला नाही. प्रभूंनी मात्र मुलांच्या आपसातल्या गटकामावर भर दिला नव्हता. त्या बाबतीत मी वेगळं करते आणि दोन्हीच्या मध्ये जोडी घालते.

उदाहरण घ्या. फळ्यावर मी एसटीचं वेळापत्रक लिहिते. वेळा मनच्या, गावं खरी : बेळगाव, खानापूर, लोंढा. तीन गाड्या, प्रत्येक गाव सोडायच्या वेळा. आधी वर्गाला विचारते : "व्हेन डज द फर्स्ट बस लीव्ह बेळगाव?" उत्तर एका शब्दात आलं तरी चालतं, "सिक्स" म्हटलं तरी बरोबर. मग "हाऊ लाँग टू खानापूर?" इथे वजाबाकी करावी लागते आणि गणितात चांगली असलेली पण इंग्रजीत मागे असलेली मुलं पहिल्यांदाच हात वर करतात. मग जोडीला प्रश्न : आत्याला दहाच्या आत लोंढ्याला पोचायचं आहे, तिने कोणती गाडी घ्यावी? मग दुसरं वेळापत्रक आणि चार प्रश्न, ज्याचे त्याने वहीत. एकूण तीस मिनिटं. या तासात मी एकही नियम सांगितलेला नसतो, पण 'लीव्ह', 'रीच', 'बिफोर', 'आफ्टर' हे शब्द पन्नास वेळा कानावर पडलेले असतात.

रोज असं जमेल का? नाही. आठवड्यात दोनदा जमलं तरी भरपूर झालं. उरलेले तास पाठ्यपुस्तकाचे.

पाठ एक, कामं तीन

नवे शिक्षक इथेच थकतात. मुलांचे तीन स्तर आहेत म्हणून ते तीन वेगवेगळे पाठ तयार करू लागतात. दिवसाला सहा तास, त्यावर माहिती भरणं, दासोहाचा म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशोब, प्रशिक्षण. महिन्याभरात सगळं सुटतं. पाठ एकच ठेवा, काम वेगळं द्या.

समजा उतारा असा आहे : "धिस इज अ पॉट. माय अंकल मेड इट. ही वर्क्स इन खानापूर. ही गेट्स क्ले फ्रॉम द फील्ड. रेन इज बॅड फॉर हिज वर्क." आधी तुम्ही दोनदा वाचा, हावभावासकट. एकदा सगळ्यांनी तुमच्यामागून म्हणा. मग फळ्याचे तीन भाग करा. डावीकडे मडकं, चिखल, पाऊस, शेत आणि काका यांची चित्रं : उताऱ्यातला शब्द शोधून चित्राखाली लिहायचा. मधे चार अर्धी वाक्यं : उतारा बघून पूर्ण करायची. उजवीकडे एकच ओळ : तुमच्या घरातलं कुणी काय काम करतं, त्यावर अशाच पाच ओळी लिहा. निपाणीकडच्या वर्गात आईच्या बिड्या येतील, वडगाव-शहापूरला माग येईल, उद्यमबागजवळच्या वर्गात फाउंड्री येईल. शब्द अडला की मुलं विचारतात, तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, सगळ्यांच्या कामी येतो.

शेवटची पाच मिनिटं सगळ्यांची. डावीकडच्या कामातला एक जण शब्द वाचतो, मधल्यातला वाक्य, उजवीकडचा आपला परिच्छेद. ज्या मुलाने नुकताच 'क्ले' हा शब्द लिहिलाय, त्याला तोच शब्द मित्राच्या वाक्यात ऐकू येतो, आणि तो ओळखतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणी कोणतं काम करायचं ते मी सांगते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर निवड मुलांवर सोडते. बहुतेक मुलं मी दिलं असतं त्याहून अवघड काम उचलतात. अर्धवट राहिलं तरी ते उचललेलं असतं, म्हणून मी अडवत नाही.

श्रुतलेखनालाही हीच रीत चालते. वाक्य सगळ्यांना एकच. काहींनी पूर्ण लिहायचं, काहींच्या वहीत वाक्य आधीच उतरवलेलं, फक्त दोन गाळलेल्या जागा, काहींनी दिलेल्या दोन शब्दांपैकी ऐकू आलेल्याला गोल करायचा.

ज्यांना वाचताच येत नाही

या मुलांना 'सी-ए-टी कॅट' पाठ असतं, पण 'सी-ए-पी' समोर ठेवलं की ती थांबतात. कारण साधं आहे. देवनागरीत 'क' हे अक्षराचं नाव आहे आणि आवाजही तोच. इंग्रजीत अक्षराचं नाव 'सी', आवाज 'क'. 'बी, ए, टी' एकामागून एक कितीही जोरात म्हटलं तरी त्यातून 'बॅट' ऐकू येत नाही. तेव्हा नावं बाजूला ठेवा आणि आवाज शिकवा.

एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरू करा. आवाज : स, ॲ, ट, प, इ, न. एवढ्यावरच पिन, टिन, पॅन, टॅप, सिट, सॅट, नॅप, निप असे कितीतरी शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात मूल कुणीही न सांगितलेला शब्द स्वतः वाचतं. अक्षरं रिकाम्या काडेपेट्यांवर चिकटवा, प्रत्येक जोडीला एक संच. पेट्या सरकवत शब्द बनवायचे. ॲ आणि ऑ हे आवाज मराठी मुलाला बॅट आणि बॉलमुळे आधीच येतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा फरकही आपण लिहिताना पाळतोच : व्हॅन, पण वॉच. हे त्यांना दाखवून द्या, तुम्हाला येतंय असं सांगा.

'ए' या एका अक्षराचे कॅट, केक, कार आणि बॉल या शब्दांत चार आवाज होतात. हे पहिल्या तीन महिन्यांत काढू नका. आधी एका अक्षराला एक आवाज पक्का होऊ द्या.

वेळ कुठून आणायचा? बाकीचे वहीतलं काम करत असतात ती दहा मिनिटं. आठ-दहा मुलांना फळ्याजवळ खाली बसवा, रोज, न चुकता. आठवड्यातून एकदा तासभर दिलेल्यापेक्षा रोजची दहा मिनिटं जास्त टिकतात. पहिली ते तिसरीला 'नली-कली' या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीने शिकवलेले सहकारी तुमच्या शाळेत असतील तर त्यांची कार्डं आणि शिकण्याच्या टप्प्यांची शिडी बघून घ्या. एका खोलीत वेगवेगळ्या टप्प्यांवरची मुलं कशी सांभाळायची हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मराठी बंद करू नका, कन्नडही आत येऊ द्या

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी, असा आग्रह तुम्हाला तपासणीच्या वेळी ऐकू येईल. साठ मुलांच्या वर्गात सूचना इंग्रजीत देऊन ती तीनदा समजावण्यात पाच मिनिटं जातात. सूचना एकदा इंग्रजीत, लगेच एकदा मराठीत, आणि पुढच्या महिन्यात तीच सूचना फक्त इंग्रजीत. असा क्रम ठेवा.

आपल्या मुलांकडे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. सातवीतली मुलगी आजीला घेऊन बसस्टँडवर येते, कन्नड पाटी वाचते आणि आजीला मराठीत सांगते, "ही आपली गाडी नव्हे." इंग्रजी ही तिची दुसरी नव्हे, तिसरी लिपी आहे. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेणं तिला येतं, फक्त ते वर्गात कुणी मागितलेलं नसतं.

म्हणून व्याकरणाचे काही धडे मी तीन भाषांत फळ्यावर मांडते. मराठी मुलांची ठरलेली चूक घ्या : "शी इज अ बस." कारण मराठीत ती बस, ती खुर्ची, तो फळा. प्रत्येक वस्तूला लिंग आहे. आपण वर्षानुवर्षं "इट म्हणा, इट" असं ओरडतो. कन्नडमध्ये अवनु, अवळु आणि अदु. बस म्हटली की अदु, खुर्ची म्हटली की अदु. मुलांना म्हणा, जिथे कन्नडमध्ये वस्तूला 'अदु' म्हणता तिथे इंग्रजीत 'इट' म्हणा. त्या दिवसापासून चूक कमी होते, कारण तो फरक त्यांच्या तोंडात आधीच बसलेला असतो.

दुसरं उदाहरण. मला भूक लागली आहे. ननगे हसिवागिदे. आय ॲम हंग्री. मराठी आणि कन्नड दोघी 'मला'ने सुरू करतात, इंग्रजी 'मी'ने. मला दोन भाऊ आहेत, ननगे इब्बरु सहोदररु इद्दारे, पण आय हॅव टू ब्रदर्स. टेबलावर, मेजिन मेले, पण ऑन द टेबल : आपल्या दोन्ही भाषांत 'वर' मागून येतो, इंग्रजीत पुढे. मुलं स्वतःच वही काढून आणखी उदाहरणं शोधतात. वर्गात कन्नड घरातली दोन-चार मुलं असतील तर त्या दिवशी ती शिक्षक होतात. त्यांच्या तोंडी बस्सु, कारु, पेन्नु असा शेवटी उकार येतो. त्यावर वर्गाला हसू देऊ नका. कन्नडमधला शब्द स्वरावर संपतो म्हणून तसं होतं, हे सांगितलं की हसणं आपोआप थांबतं.

सीमाभागात भाषा हा दुखरा विषय आहे हे मला माहीत आहे. घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. मुलाला कन्नड वापरायला लावलं म्हणून एका पालकांनी मला विचारलंही होतं. मी त्यांना वर्गात बसवून घेतलं. तास मराठीतच उभा होता, कन्नड तिथे मदतीला आली होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

याच विचारातून एक खेळ तयार झाला, तो जोडीऐवजी तिघांचा. एक दुकानदार, त्याला फक्त इंग्रजी येतं. एक आजी, तिला फक्त मराठी. मधे दुभाषी. आजी म्हणते, "साखर केवढ्याला?" दुभाषी विचारतो, "हाऊ मच इज द शुगर?" दुकानदार सांगतो, दुभाषी परत मराठीत. चार मिनिटांनी भूमिका बदलतात. कच्च्या मुलाने आधी आजी व्हायचं. ऐकता ऐकता तिसऱ्या फेरीला तो दुभाषी होतो. ही एकच गोष्ट या लेखातून उचललीत तरी उद्याचा तास वेगळा होईल.

वह्या, आणि पुढे गेलेली मुलं

साठ वह्या रोज तपासता येत नाहीत. तसा प्रयत्न केलात तर तपासणं फक्त सहीपुरतं उरतं. रोज बारा वह्या घ्या, पण नीट बघा. चूक दुरुस्त करून देऊ नका, ओळीच्या समासात टिंब द्या : एक टिंब म्हणजे या ओळीत एक चूक, ती जोडीने मिळून शोधायची. न सापडली तर विचारायला यायचं. एका वेळी एकाच प्रकारची चूक बघा, या आठवड्यात मोठी लिपी आणि पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात 'इज' आणि 'आर'.

हुशार मुलांकडून आपण फार काम करून घेतो : वह्या गोळा कर, खडू आण, याला शिकव. त्यांच्याही शिकण्याचं वर्ष जात असतं. त्यांना एक शब्दकोश द्या आणि खरं काम द्या : शाळेच्या फलकावरची सूचना इंग्रजीत लिहिणं, गावातल्या महालक्ष्मी यात्रेवर दहा ओळी, पुढच्या तासासाठी वेळापत्रकाचे प्रश्न तयार करणं. शिकवण्याचं काम आठवड्यातून एकदाच मागा.

गैरहजेरी

जुलैत खानापूरच्या रानातल्या वाड्यांवरची मुलं ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस येत नाहीत. यात्रेत वर्ग अर्धा होतो. कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामभर काही बाक रिकामे. यावर रागावून काही होत नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक कागद ठेवा, त्यावर रोज तीनच गोष्टी : आजचे पाच शब्द, आजचं एक वाक्य, आजचं काम. गैरहजर मुलाच्या जोडीदाराने तो आल्यावर पहिली पाच मिनिटं त्याला हे सांगायचं. आणि सोमवारी नवीन काही सुरू करायचं नाही, मागच्या आठवड्याचंच पुन्हा, खेळाच्या रूपात.

दोन वर्ग एकत्र बसले असतील तरी जोड्यांची यादी एकच लावा, इयत्तेप्रमाणे दोन नको. पाठ कोणाचा घ्यायचा ते दिवसाआड ठरवा.

दहावी

एसएसएलसीला इंग्रजी दुसरी भाषा असेल तर ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत. गाईडमधले निबंध पाठ करून घेण्याचा मोह फार होतो, विशेषतः जानेवारीनंतर. मी आता ते करत नाही. पाठ केलेल्या निबंधातलं पहिलं वाक्य विसरलं की मूल कोरी पुरवणी देतं. त्याऐवजी स्वतःच्या गावाबद्दल, घराबद्दल, आवडत्या माणसाबद्दल पाच-पाच ओळी आठवीपासून लिहून घ्या, आणि त्या ओळी कोणत्या प्रश्नाला कशा वळवायच्या ते शिकवा. अर्ज आणि पत्राचा सांगाडा मात्र पाठच हवा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

डिसेंबर आणि मार्च

पहिल्या आठवड्यातलं ते कार्ड पुन्हा काढा, तेच, न बदलता. डिसेंबरमध्ये एकदा, मार्चमध्ये एकदा, पुन्हा रोज बारा मुलं. जुन्या खुणेशेजारी नवी खूण करा. वर्गातला पहिला नंबर कुणाचा यापेक्षा कोण कुठून कुठे सरकलं ते त्या पानावर दिसतं. जे तीनही वेळा एकाच खुणेवर थांबलंय, त्याची नजर आणि कान तपासायला आरोग्य केंद्रात पाठवा. माझ्या वर्गात अशी दोन मुलं निघाली, त्यांना फळाच दिसत नव्हता.

एप्रिलमध्ये सुट्टी लागायच्या आधी ती वही पुढच्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकांच्या हातात द्या, खुणांसकट आणि घरातल्या वस्तूंच्या चित्रांसकट.